एकशे शहाऐंशी

सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय १९७२ साली सुरू झाला. कॉम्प्युटर मात्र सुरू झाला नाही, कारण तो आलाच नव्हता. विषय आला, पाटी आली, पाटीवर पिवळ्या रंगात ‘कॉम्प्युटर विभाग’ अशी अक्षरं आली, काचेचं एक कपाट आलं आणि कपाटात ठेवायला कुणीतरी भेट दिलेला कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आला. दसऱ्याला त्या गठ्ठ्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, पेढे वाटायचे. बाकी वर्षभर कपाटाला कुलूप. किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात असे आणि ते ती वरचेवर चाचपून बघत.

विभागप्रमुख म्हणजे प्राध्यापक शरच्चंद्र दांडेकर. मूळचे इलेक्ट्रिकलचे, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर शिकवणारे. त्यांना आठ दिवस मुंबईला प्रशिक्षणाला धाडलं, तिथं सातव्या दिवशी दहा मिनिटं कॉम्प्युटरच्या खोलीत उभं केलं आणि आठव्या दिवशी ते तज्ज्ञ होऊन सांगलीला उतरले. त्या दहा मिनिटांवर सरांनी पुढची सहा वर्षं काढली. खोलीत किती गारठा होता, चपला कशा बाहेर काढाव्या लागल्या, कुणाचा तरी स्वेटर कसा मागून घ्यावा लागला, हे पुराण दर वर्षी पहिल्या तासाला व्हायचं. मुलं इमानेइतबारे वहीत लिहून घ्यायची, ‘कॉम्प्युटरला थंड हवा लागते.’ शिकवणं ते एवढंच, पण टेचात असं की दिल्लीहून सल्ला विचारायला माणसं येत असावीत.

आता मशीन नाही तर प्रॅक्टिकल कसं करायचं? त्याचीही सोय होती. पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटर होता, आणि कागदोपत्री असं ठरलेलं की मुलांनी प्रोग्राम लिहून द्यावेत, कॉलेजच्या शिपायानं महिन्यातून एकदा ते पुण्याला न्यावेत, तिथल्या बायकांनी त्यांची कार्डं पंच करावीत, म्हणजे ओळीओळीप्रमाणं कार्डांना भोकं पाडावीत, मशीननं ती वाचावीत आणि छापील उत्तर परत यावं. पहिल्या वर्षी तसं झालंसुद्धा. दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी विचार केला की उत्तरं तर तीच येणार, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांनी पहिल्या वर्षीच्या कुणाची तरी जर्नलची वही आणली आणि टाकली उतरवून. तिसऱ्या वर्षीच्या मुलांनी दुसऱ्या वर्षीची उतरवली. आपल्याकडं ही रीत सगळ्याच कॉलेजांत आहे म्हणा. लोखंडाचा तुकडा न ताणता तो किती ताणाला तुटला हे लिहिणारे इंजिनिअर आपण हजारांनी काढले, त्यांनीच पूल बांधले आणि आपण त्यांवरून जातो.

पण या जर्नलची बात और होती. पहिल्या वहीत लिहिलं होतं, ‘हा प्रोग्राम मी १२ फेब्रुवारी १९७२ रोजी चालवला.’ ते वाक्यही सगळ्यांनी उतरवलं. १९७८ सालची मुलं बिनदिक्कत लिहीत होती की त्यांनी १९७२ साली प्रोग्राम चालवला, आणि त्या साली त्यातली निम्मी अकरावीच्या परीक्षेची घोकंपट्टी करत होती. पहिल्या वहीत एका ओळीवर चहा सांडला होता. ती ओळ दुसऱ्या वर्षीच्यांना वाचता आली नाही म्हणून त्यांनी तिथं टिंबं दिली. पुढच्या सगळ्या वह्यांत ती टिंबं आली, आणि एकानं तर ती पट्टीनं अंतर मोजून काढली. दांडेकर सरांनी अशा प्रत्येक पानावर सहा वर्षं सह्या केल्या.

आकाराम जगदाळेला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता. कोरेगावजवळच्या वाडीतला हा पोरगा, बाप लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, घरात पाच एकर ऊस. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला त्यानं कॉम्प्युटर हा विषय मुद्दाम घेतला, कारण त्याला तो खरोखर आवडत होता. लायब्ररीत फोरट्रान या प्रोग्राम लिहायच्या भाषेचं एक इंग्रजी पुस्तक होतं, ते त्यानं चारदा वाचलं. सरांनी ते एकदाही नेलं नव्हतं, मागच्या कार्डावर आकारामाशिवाय कुणाचंच नाव नव्हतं. हुशार होता, यात वाद नाही. पण हुशारीपेक्षा त्याला आपण हुशार असल्याचा नाद जास्त. मेसमध्ये जेवताना तो सरांची नक्कल करी, स्वेटर मागून घेतल्याची, आणि पोरं हसून लोळत. आपण तेवढे शहाणे आणि बाकी सगळा मेंढरांचा कळप, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

फेब्रुवारीत जर्नल लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं जाहीर केलं की आपण उतरवणार नाही, प्रोग्राम स्वतः लिहून पुण्याला पाठवणार. पोरांनी वेड्यात काढलं. शिपाई कोंडीबासुद्धा कागद हातात घेऊन बघतच राहिला.

“जगदाळे, हे खरंच न्यायचं म्हंता?” तो म्हणाला. “चार-पाच वर्सांत मी असलं काय बी न्हेलं न्हाई. पुन्याला जातो तवा निस्ती पाकिटं टाकतो आन् मंडई फिरून येतो.”

आकारामानं पाठवलेला प्रोग्राम जर्नलमधला सातवा. प्रश्न शाळकरी पोरालाही समजेल असा, की एक ते हजारमध्ये मूळ संख्या किती, म्हणजे ज्यांना एक आणि ती संख्या स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग जात नाही अशा किती. मशीननं एकेक संख्या घ्यायची, भाग देऊन बघायचं आणि कशानंच भाग न जाणाऱ्या तेवढ्या मोजायच्या. पंधरा दिवसांनी कोंडीबानं पुण्याहून कार्डांचा गठ्ठा आणि छापील कागद आणून दिला. त्यावर उत्तर होतं १६८.

जर्नलमध्ये सगळ्यांचं उत्तर होतं १८६.

आकारामानं आधी स्वतःवरच संशय घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. लायब्ररीत आलेखाचा मोठा कागद पसरून त्यानं एक ते हजार आकडे मांडले आणि दोनाच्या पाढ्यातले, तिनाच्या पाढ्यातले, पाचाच्या, साताच्या असे एकेक खोडत गेला. समोरच्या बाकावर सुहासिनी लिमये बसली होती. एकतीस जणांच्या वर्गात ती एकटी मुलगी, गणपतीच्या देवळामागं राहणाऱ्या शाळामास्तरांची. बोलायची कमी, आणि सरांच्या तासाला वहीत काही लिहून घ्यायची नाही, एवढ्यावरूनच आकारामाला तिच्याबद्दल आदर होता. तिनं विचारलं काय चाललंय, त्यानं सांगितलं, आणि तिनं लगेच दुसरा कागद घेतला.

“तुमचा कागद मला दाखवू नका,” ती म्हणाली. “मी माझं वेगळं मोजते.”

दोन दुपारी गेल्या. तिचे एकशे अडुसष्ट आले, त्याचेही एकशे अडुसष्टच. म्हणजे झालं काय होतं ते लख्ख होतं. १९७२ सालच्या कुणा महाभागानं घाईत आकडे उलटसुलट लिहिले, सहाच्या जागी आठ आणि आठाच्या जागी सहा, आणि पुढच्या सहा वर्षांच्या इंजिनिअरांनी ते जसंच्या तसं डोक्यावर घेतलं. दीडशे-दोनशे जण, आणि एकालाही मोजावंसं वाटलं नाही. सुहासिनीनं आपल्या वहीतला १८६ एका रेघेनं खोडला, वर १६८ लिहिलं आणि बाजूला टीप दिली, ‘जगदाळे व मी, दोघांनी स्वतंत्र मोजून खात्री केली.’ असली टीप त्या कॉलेजाच्या जर्नलमध्ये आजवर कुणी लिहिली नव्हती.

दोघं वह्या घेऊन सरांकडं गेले. दांडेकर सरांनी चष्मा लावला, आकारामाचा छापील कागद बघितला, मग टेबलावरच्या ढिगातली दुसऱ्या कुणाची वही उघडून बघितली, आणि लाल पेनानं त्या छापील कागदावर फुली मारली. कॉम्प्युटरला शून्य मार्क देणारा तो जगातला पहिलाच मास्तर असावा.

“चूक आहे,” सर म्हणाले. “एकशे शहाऐंशी पाहिजे.”

“सर, मशीननंच दिलंय,” आकाराम म्हणाला.

“मशीन बरोबरच देतं. तुझी कार्डं पंच करणाऱ्या बाईनं घोटाळा केला असणार. सहा वर्षं सगळ्यांचं एकशे शहाऐंशी येतंय, आणि तुझं एकट्याचंच वेगळं?”

“सर, आम्ही हातानंही मोजलं,” सुहासिनी म्हणाली. “दोघांनी वेगवेगळं.”

“मिस लिमये, हा कॉम्प्युटरचा विषय आहे. हातानं मोजायचं असतं तर सरकारनं एवढा विषय काढला कशाला?”

हे बोलताना सरांच्या मागं, त्या पिवळ्या पाटीखाली, सहा वर्षांच्या, हातानं उतरवलेल्या वह्या छताला टेकल्या होत्या. आकारामाला हसू आवरेना आणि ते सरांना दिसलं. तिथं सगळं बिघडलं. सर उठून उभे राहिले. त्यांनी पुण्याच्या संस्थेच्या नावानं एक चिठ्ठी लिहिली, सही केली, शिक्का मारला आणि आकारामापुढं टाकली.

“स्वतः जा,” ते म्हणाले. “स्वतःच्या हातानं कार्डं तपासून घे, परत चालव, आणि येत्या शनिवारपर्यंत बरोबर उत्तर घेऊन ये. नाहीतर टर्म नाही. आणि मिस लिमये, तुमचाही निकाल तेव्हाच. कॉम्प्युटर म्हणेल ते खरं. मान्य आहे?”

“मान्य आहे, सर,” सुहासिनी म्हणाली. तिला त्यात काही अडचणच वाटली नाही. मशीन काही दुसरं म्हणणार नव्हतं.

टर्म नाही म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. टर्म मिळाली नाही तर एप्रिलच्या परीक्षेचा फॉर्म जात नाही. फॉर्म गेला नाही तर वर्ष गेलं. आणि आकारामाचं वर्ष गेलं तर पुढचं वर्ष नव्हतंच, कारण त्याच्या बापानं, केरबा हवालदारानं, जूनची मुदत घातली होती. जूनमध्ये पदवी, नाहीतर जुलैत साताऱ्याला भरती. हवालदार बोलला की बोलला. सहा वर्षं कॉलेजात काढलेल्या पोराला बंदूक देऊन धाडायला त्यानं मागंपुढं पाहिलं नसतं. म्हणजे सगळं त्या एका सहीवर येऊन ठेपलं.

बुधवारी आकाराम सांगलीहून निघाला, वाटेत कोरेगावला उतरला आणि घरी गेला. आईनं, राहीबाईनं, भाकरी वाढली. हवालदार पडवीत दाढी करत बसला होता.

“काय रं, मधीच कसा?” तो म्हणाला.

“एका सहीवर अडलंय, आबा.” आकारामानं सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता सरांची नक्कलही केली. आई हसली. हवालदार हसला नाही, त्यानं वस्तरा पुसून ठेवला.

“खरं कुनाचं हाय?”

“माजं.”

“मग खऱ्याचं काय लोनचं घालतूस का? पलटनीत आमचा कॅप्टन म्हनायचा, भित्तीला पांढरा रंग द्या. भित्त पांढरीच आसायची. आमी बरश फिरवायचो, सॅल्यूट ठोकायचो, सही घ्यायचो. सायबाला जे पायजे ते त्याच्या हातावर ठेवावं आन् आपलं ग्यान आपल्याजवळ ठेवावं. लय शाना हूं नगंस.”

“आबा, हे तसं न्हाई.”

“मग जुलैत ये सातारला,” हवालदार म्हणाला आणि आरसा उचलून आत गेला.

पुण्याच्या त्या संस्थेत मशीनच्या खोलीत खरंच गारठा होता, तेवढं सरांचं बरोबर होतं. कार्डं पंच करणाऱ्या बाईंचं नाव उमाताई. चाळिशीच्या, डोळ्यांवर जाड भिंगं आणि बोलणं तोडून टाकणारं. चिठ्ठी वाचून त्यांनी गठ्ठा घेतला, एकेक कार्ड उजेडात धरून तपासलं, आणि पंच करणारीनं घोटाळा केला असावा हे सरांचं मत आकारामानं सांगितल्यावर एवढंच म्हणाल्या, “तुमच्या सरांना म्हणावं, एकदा येऊन माझ्या खुर्चीत बसा.” तासाभरानं मशीनचा कागद आला. १६८.

येणारच होता. आकाराम तो हातात धरून बाकावर बसला. हाच कागद घेऊन सांगलीला गेलं तर सर त्यावरही फुली मारणार, यात शंका नव्हती. प्राचार्यांकडं जावं, तर प्राचार्य सरांचे साडू. विद्यापीठाला अर्ज करावा, तर उत्तर यायला जून उजाडेल. बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट सुचली आणि ती इतकी आवडली की तो एकटाच हसला.

त्यानं उमाताईंकडं दोन कोरी कार्डं मागितली. मशीनला कसलाही हिशेब करायला न लावता, नुसतं इंग्रजीत ‘एक ते हजारमधील मूळ संख्या: १८६’ एवढं छापून दे, असं सांगणारा दोन ओळींचा प्रोग्राम त्यानं लिहिला. मशीनला काय, सांगितलं ते छापतं. उमाताईंनी तो वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि पंच करून दिला.

“यासाठी कॉम्प्युटर कशाला हवा?” त्या म्हणाल्या. “टाईपरायटर चालला असता.”

“आमच्याकडं कॉम्प्युटरचंच खरं मानतात,” आकाराम म्हणाला. त्याला वाटलं होतं त्या हसतील. त्या दुसऱ्या कार्डांकडं वळल्या.

परतीच्या गाडीत तो भलताच खुशीत होता. छापील कागदावरचा प्रोग्रामचा भाग त्यानं वेगळा फाडून ठेवला होता, सरांना तो मागायचं सुचणारच नव्हतं. सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं ते ढोंग, त्यांची फुगलेली छाती, आणि मग मेसमध्ये पोरांना सांगताना येणारी मजा, हे सगळं त्यानं मनातल्या मनात दोन-तीनदा घोळवलं. गाढवाच्या गळ्यात गाढवानंच मागितलेला हार घालायचा, यात वाईट ते काय? सुहासिनीचा विचार साताऱ्याच्या अलीकडं एकदा येऊन गेला. पण तिला काय, एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, तोही सगळ्या वर्गानं लिहिलेलाच. मागाहून सांगू तिला, हसेल तीपण. असं म्हणून त्यानं पाय पसरले आणि झोपला.

शनिवारी सरांच्या खोलीत पाच-सहा मुलं वह्या घेऊन उभी होती. सुहासिनी आधीच येऊन बसली होती. आकाराम आत आला तसं तिनं त्याच्याकडं निवांत बघितलं, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखं. आकारामाच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत दोन कागद होते, एक खरा आणि एक सरांचा. सरांचा त्यानं काढून टेबलावर ठेवला.

दांडेकर सरांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीत मागं रेलले आणि चेहऱ्यावर असं तेज आलं की विचारू नका.

“बघ,” ते म्हणाले. “काय सांगत होतो मी? पंचिंगचीच चूक होती ना?”

“हो, सर,” आकाराम म्हणाला.

सरांनी त्याची वही ओढली आणि लफ्फेदार सही ठोकली. मग तो छापील कागद उचलून सगळ्या मुलांना दाखवला, हा विभागात जपून ठेवायचा म्हणाले, कपाटाची किल्ली काढली आणि कोऱ्या कार्डांच्या शेजारी तो उभा करून ठेवला. इथवर सगळं आकारामानं गाडीत योजल्यासारखंच झालं. त्याला आतून उकळ्या फुटत होत्या.

“मिस लिमये,” सर म्हणाले, “तुम्ही मान्य केलं होतं.”

सुहासिनी उठली आणि कपाटाजवळ जाऊन काचेतून तो कागद वाचू लागली. बराच वेळ वाचत राहिली. वाचायला होती एकच ओळ. मग ती आकारामाकडं वळली.

“जगदाळे, कार्डं तुम्ही स्वतः तपासली?”

“तपासली.”

“आणि मशीनमधून हे आलं?”

आता बघा. पिशवीत हात घातला असता तर खरा कागद हाताला लागत होता. सही झालेली होती, पण सर ती खोडू शकत होते. खोडली असतीच. मुलं बघत होती. साताऱ्याची भरती होती, हवालदार होता, सहा वर्षं होती. हे सगळं आकारामाच्या डोक्यात आलं, की यातलं काहीच आलं नाही आणि तो नुसता घाबरला, कुणास ठाऊक.

“मशीनमधूनच आलं,” तो म्हणाला. शब्दशः खोटं नव्हतं. वकिलाला शोभेल असं खरं होतं.

त्याला वाटलं ती आता भांडेल, किंवा निदान त्याच्याकडं संशयानं बघेल. तसं काही झालं नाही. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. सरांवर ठेवला नव्हता, सहा वर्षांच्या दीडशे वह्यांवर ठेवला नव्हता, तो त्याच्यावर ठेवला.

“मग आपण दोघांनी कुठंतरी चूक केली,” ती म्हणाली. तिनं टेबलाशी येऊन वही उघडली, १६८ खोडलं, १८६ लिहिलं, आणि ती टीपही काळजीपूर्वक रेघ मारून खोडली. “सॉरी, सर. मी उगाच तुमचा वेळ घेतला.”

“असू द्या, असू द्या,” सर म्हणाले आणि त्यांनी मोठ्या मनानं सही केली.

बाहेर पडल्यावर आकारामानं तिला गाठायला हवं होतं. मागाहून सांगायचं ठरलं होतं ना? पण मागाहून सांगणं हे गाडीत पाय पसरून बसलेल्या माणसाला जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. मेसमध्ये पोरांनी विचारलं काय झालं, तर तो म्हणाला, झाली सही. नक्कल केली नाही. त्याला स्वतःची किळस आली होती, आणि आजवर ती त्याला कधी दुसऱ्याशिवाय कुणाची आलेली नव्हती.

सोमवारी तो लायब्ररीत गेला तर सुहासिनी तिथं बसलेली. समोर आलेखाचा नवा कोरा कागद आणि त्यावर एक ते हजार आकडे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, सगळी पोरं रात्रंदिवस पाठांतराला लागली होती, आणि ती खोडत बसली होती. मंगळवारी तेच. बुधवारी तो दारातून परत फिरणार तेवढ्यात तिनं त्याला पाहिलं आणि हाक मारली.

“तीन वेळा केलं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “तिन्ही वेळा एकशे अडुसष्टच येतात. अठरा संख्या मी कुठं हरवतेय, तेच कळत नाही. मला वाटायचं मला एवढं तरी येतं. तुम्ही जरा बसता का माझ्याबरोबर? तुम्हाला सापडेल.”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिची वही सहीसकट तिच्या पिशवीत होती, त्याची त्याच्या. आता सांगितलं असतं तर ती काय, जाऊन सरांना थोडीच सांगणार होती? तिनं सांगितलंही असतं, तीच भीती होती. ती सांगणाऱ्यातलीच होती.

“असेल काहीतरी,” आकाराम म्हणाला. “पेपरला काही तो प्रश्न यायचा नाही. कशाला डोकं लावता?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. बिचाऱ्याला अभ्यास असेल, आपण कशाला खोळंबवतोय, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. “बरं,” ती म्हणाली, पेन्सिलीला टोक केलं, कोरा कागद पुढं ओढला आणि परत दोनपासून सुरुवात केली.

आकाराम दारात थोडा वेळ उभा राहिला. मग जेवणाची वेळ झाली होती म्हणून मेसवर गेला आणि पोटभर जेवला.